महाविद्यालयीन खर्चाचे वाटेकरी

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी दोन मोठे खर्च एकाच वेळी दाराशी येऊन उभे राहतात. मृगाचा पाऊस पडला की बियाणे आणि खत यांसाठी रोख रक्कम लागते. त्याच सुमारास, जून ते ऑगस्ट या काळात, मुलाचे नाव प्रवेशाच्या कुठल्यातरी फेरीत लागते आणि ठरलेल्या मुदतीत शुल्क भरावे लागते. पेरणी थांबत नाही, प्रवेशाची मुदतही थांबत नाही. मग पीककर्जातील काही रक्कम महाविद्यालयाकडे वळते, खताची एखादी मात्रा कमी पडते, आणि पुढे उतारा घटला तर त्याचे खापर पावसावर फुटते. मुलाच्या शिक्षणाचा खर्च मांडताना हा घटलेला उतारा कोणीच हिशेबात धरीत नाही.

नोकरदाराची ओढाताण निराळी आहे, कमी मात्र नाही. माध्यमिक शिक्षक किंवा कचेरीतील लेखनिक भविष्यनिर्वाह निधीतून ना-परतावा रक्कम उचलतो, सेवकांच्या पतपेढीतून कर्ज काढतो, त्याला दोन सहकारी जामीन राहतात, आणि त्यांच्या मुलांची वेळ आली की हा त्यांना जामीन राहतो. शुल्क-सवलतीसाठी वार्षिक उत्पन्नाची आठ लाख रुपयांची मर्यादा आहे. पंधरा-वीस वर्षे सेवा झालेला शिक्षक सातव्या वेतन आयोगानंतर ती सहज ओलांडतो. पगारदाराचा एक रुपयाही लपत नाही. ज्याचे उत्पन्न त्याच्या स्वतःच्याच वहीत असते, त्याला तहसीलदाराचा दाखला मिळवणे फारसे जड जात नाही. या विषमतेविषयी शिक्षकांच्या खोलीत जी कुरकुर ऐकू येते ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

एवढा सारा खटाटोप ज्याच्यासाठी चालतो, त्या विद्यार्थ्याला यातले काय ठाऊक असते? बहुधा फारच थोडे. 'तू अभ्यास कर, पैशाचे आम्ही पाहू' हे वाक्य मराठी घरात इतके रूढ आहे की ते वात्सल्याचे लक्षण मानले जाते, आणि त्यात वात्सल्य असतेही. परंतु त्याचे परिणाम दोन प्रकारचे होतात आणि दोन्ही हितावह नाहीत. काही मुलांना पैसा कोठून येतो हे कधी कळतच नाही. काहींना अर्धवट कळते, आणि नेमका आकडा ठाऊक नसल्यामुळे न फिटणाऱ्या ऋणाचे ओझे घेऊन ती परीक्षेला बसतात. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्याचे घरी सांगण्याचे धैर्य या दुसऱ्या प्रकारच्या मुलाला होत नाही. वडिलांच्या बाजूनेही हा व्यवहार निर्हेतुक राहत नाही. सारे पैसे आपण भरले, तेव्हा शाखा कोणती घ्यावी, नोकरी कोठे करावी आणि पुढे विवाह कोणाशी करावा हेही आपणच ठरवू, अशी भूमिका हळूहळू तयार होते. हिशेब कधी मांडलेलाच नसतो, त्यामुळे तो कधी पुराही होत नाही.

हा प्रश्न घराघरांत इतका तीव्र होण्याचे कारण घराबाहेर आहे. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या वेतनाचा मुख्य भार शासन उचलते, म्हणून कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे अनुदानित वर्गांचे शुल्क आजही बेताचे आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर महाराष्ट्रातील मुले आणि त्यांच्याबरोबर पैसाही कर्नाटकात जात होता. तो ओघ त्यामुळे थांबला आणि अनेक जिल्ह्यांत तंत्रशिक्षण पोहोचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या दिवसापासून शिक्षणाच्या खर्चातील शासनाचा वाटा मोठ्या प्रमाणावर कुटुंबाकडे सरकला. त्यानंतरची चाळीस वर्षे कायदे आणि न्यायालये या सरकलेल्या वाट्याला वेसण घालण्यात गुंतली आहेत. देणगीशुल्काला बंदी करणारा राज्याचा कायदा १९८७ चा. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा अल्प शुल्काच्या आणि निम्म्या पूर्ण शुल्काच्या अशी योजना घालून दिली. याचा सरळ अर्थ असा की एका विद्यार्थ्याचे वडील दुसऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाला हातभार लावणार. कल्पना उदात्त होती, पण गुणवत्ता यादीत वर येणारी मुले बहुधा शहरातील, चांगल्या शाळांतील आणि सुस्थितीतील घरांची निघाली. त्यांना स्वस्त जागा मिळाल्या, आणि खेड्यातल्या मुलाचा बाप पूर्ण शुल्क भरून त्यांचा भार उचलू लागला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै निकालाने ही योजना रद्द केली, तेव्हा न्यायालयाने या उलट्या न्यायाची नोंद केली होती. आज २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक व्यावसायिक महाविद्यालयाचे शुल्क ठरवते. ते महाविद्यालयाचे शुल्क ठरवू शकते. कुटुंबात ते कोणी, किती आणि कशातून द्यावे हे सांगणे त्याच्या कक्षेत नाही.

या शेवटच्या प्रश्नाचे एक खणखणीत उत्तर महाराष्ट्रात पूर्वी दिले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह चालवले. तेथे मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, पाणी वाहत. गावोगावचा शेतकरी रोख देऊ शकत नसे. तो धान्य देई. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेव्हा हेच तत्त्व उच्च शिक्षणाला लागू झाले आणि 'कमवा आणि शिका' हे शब्द मराठीत कायमचे रुळले. या योजनेकडे आज सामान्यतः गरिबांची सोय म्हणून पाहिले जाते. भाऊरावांची दृष्टी तशी नव्हती. स्वावलंबन हे त्यांच्या संस्थेचे ब्रीद होते, आणि श्रमाने आपला वाटा भरणारा मुलगा कोणाचा आश्रित राहत नाही, हा त्यामागचा विचार होता. पालकाचा वाटा धान्याचा, मुलाचा वाटा कष्टाचा, उरलेले समाजाने द्यायचे. कोण काय देतो हे तिघांनाही स्पष्ट दिसत असे.

अनेक विद्यापीठांत ही योजना आजही आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, बागेला पाणी घालणे अशी कामे विद्यार्थ्यांना दिली जातात. योजना चालू आहे, पण तिचा कणा वाकला आहे. तासाचा दर बहुतेक ठिकाणी इतका अल्प असतो की महिन्याच्या खाणावळीचे बिलही त्यातून निघत नाही, आणि मानधन वेळेवर हाती पडेल याची शाश्वती नसते. साहजिकच शहरातला धडधाकट मुलगा बाहेरचे काम शोधतो. संध्याकाळी घरोघर पार्सले पोहोचवली तर त्याला जास्त पैसे मिळतात. त्यासाठी मोटारसायकल लागते आणि तिचे हप्ते कित्येकदा वडीलच भरत असतात, ही गोष्ट वेगळी. रात्री अकराला खोलीवर परतणारा हा विद्यार्थी सकाळच्या प्रात्यक्षिकाला डुलक्या घेतो. हजेरीपट त्याला अनुपस्थित ठरवतो आणि अनुपस्थितीचा दंडही भरायला लावतो. कमावणाऱ्या विद्यार्थ्याचे कौतुक सत्कारसमारंभात करायचे आणि वेळापत्रकात त्याला जागा ठेवायची नाही, ही विसंगती प्राचार्यांच्या लक्षात येत नसेल असे नाही.

विद्यार्थ्याने वाटा उचलण्याचा दुसरा मार्ग म्हणून गेली पंचवीस वर्षे शैक्षणिक कर्ज पुढे केले जात आहे. शिक्षण ज्याचे, कर्ज त्याचे, फेडही त्याच्याच पगारातून, हा युक्तिवाद ऐकायला निर्दोष वाटतो. प्रत्यक्षात बँक वडिलांना किंवा आईला सहकर्जदार करून घेते, म्हणजे पहिल्या दिवसापासून दोघेही बांधले जातात. आकड्यांकडे पाहावे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये उचलले, दर द. सा. द. शे. दहा धरला, आणि फेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होणार असेल, तर व्याज-अनुदान न मिळणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर तोपर्यंत सरळ व्याजानेच एक लाख चाळीस हजारांची भर पडते. पाच लाख चाळीस हजारांची फेड सात वर्षांत करायची म्हटले, तर मासिक हप्ता सुमारे नऊ हजार रुपयांचा होतो. पहिली नोकरी वीस हजारांची असेल तर जवळजवळ निम्मा पगार यात जातो, आणि ती नोकरी पुण्यात असेल तर उरलेल्या पैशांत खोली, जेवण आणि प्रवास भागवावा लागतो. नोकरीच न मिळाल्यास हप्ता निवृत्तीला आलेल्या वडिलांकडे येतो. याचा अर्थ कर्ज घेऊच नये असा नाही. चांगल्या संस्थेतील, मागणी असलेल्या विद्याशाखेसाठी ते घेणे शहाणपणाचे ठरू शकते. परंतु हे गणित सही करण्यापूर्वी बापलेकांनी एकत्र बसून किती घरांत केले असेल?

पालक आणि विद्यार्थी एवढे दोनच पक्ष मानले तरी हिशेब पुरा होत नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांची हकिकत प्रसिद्ध आहे. भीमरावांना पुस्तके हवी असत आणि हाताशी पैसा नसे; तेव्हा रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांच्याकडून पैसे नाहीतर दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती पडताच सोडवून परत करीत. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपल्या अंगावरचे सोने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिले. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात बायकांच्या अंगावरचे सोने असे वारंवार येते, पण येते ते भावनेचा विषय म्हणून. जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यात त्याची नोंद झालेली नाही. रामजींनी दागिना सोडवून परत केला, हा त्या हकिकतीतला महत्त्वाचा भाग सांगणारे फारसे सांगत नाहीत.

आज सोन्याच्या जागी पुष्कळदा बहिणीचे शिक्षणच गहाण पडते. थोरल्या भावाला अभियांत्रिकीला पाठवले की धाकट्या बहिणीने गावातल्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात मिळेल ती पदवी घ्यावी, असा निर्णय होतो. तो निर्णय म्हणून कोणी उच्चारीत नाही. 'तिला लांब कशाला पाठवायचे' एवढेच म्हटले जाते. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. निर्णय स्वागतार्हच आहे. पण शिक्षणशुल्क गेले तरी खोलीचे भाडे, अनामत रक्कम, खाणावळ, एस. टी. किंवा रेल्वेचा प्रवास हे सारे राहते, आणि मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी जाईल की नाही हे बहुधा त्यावरच ठरते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर शंभर टक्के माफीचे पत्र घरीच पडून राहते.

अमेरिकेत सरकारी साहाय्याच्या अर्जावरून विद्यार्थ्याचे आणि पालकांचे उत्पन्न स्वतंत्रपणे तपासून कुटुंबाची ऐपत आकड्यात मांडली जाते. ती पद्धत निर्दोष नाही आणि तेथील विद्यार्थ्यांच्या कर्जाचा डोंगर सर्वश्रुत आहे. पण घरातील कोणाकडून कितीची अपेक्षा आहे, हा प्रश्न तेथे निदान कागदावर तरी विचारला जातो. महाराष्ट्रातील अर्जात 'पालकांचे वार्षिक उत्पन्न' एवढाच एक रकाना असतो.

तेव्हा विद्यार्थ्याने आपला वाटा उचलावा, हे म्हणणे योग्यच आहे. मात्र तो वाटा त्याला ठाऊक असला पाहिजे आणि त्याच्या आवाक्यातला असला पाहिजे. शिक्षणशुल्काचा बोजा अठरा वर्षांच्या मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. स्वतःच्या खाणावळीचा, निदान तिच्या निम्म्या बिलाचा भार आठवड्याला दहा-बारा तास काम करून उचलणे बहुतेकांना, मुलींनाही, शक्य आहे. त्यासाठी 'कमवा आणि शिका' योजनेचा दर किमान वेतनाच्या बरोबरीला आणावा लागेल, तो महिन्याच्या महिन्याला चुकता करावा लागेल, आणि काम करणाऱ्या विद्यार्थ्याला सोयीची प्रात्यक्षिकांची तुकडी निवडू द्यावी लागेल. यांपैकी शेवटची गोष्ट करायला महाविद्यालयाला एक पैसाही खर्च येत नाही. माहितीपत्रकात शुल्काबरोबर परिसरातील भाडे आणि खाणावळीचा चालू दर छापणेही तितकेच सोपे आहे. शिष्यवृत्तीची रक्कम परीक्षा उलटून गेल्यावर खात्यात जमा होते, तोवर महाविद्यालय शुल्कासाठी तगादा लावते आणि वडील सावकाराकडे जातात. पात्र विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क आधी घेऊ नये, असे शासनाने महाविद्यालयांना वेळोवेळी बजावले आहे. स्वतःचा हप्ता पहिल्या सत्रातच देण्याचे बंधन शासनाने स्वतःवरही घालून घ्यावे.

बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या होत असताना अधिकारी बोट ठेवील तेथे आधी वडील आणि मग मुलगा सही करतो. पाने पुष्कळ असतात, मागे रांग असते, आणि पाने उलटताना हप्त्याचा आकडा मुलाच्या नजरेखालून जाईलच असे नाही. तो आकडा बँकेने त्याच्याकडून त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावा. शेजारी वडिलांना निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत आणि घरात शिकणारी आणखी भावंडे किती, हेही त्यानेच लिहावे.