३१२ मते

अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्यास दोनच जागा असतात. त्यांपैकी मिनेसोटा राज्याची एक जागा २००९ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत रिकामी राहिली, कारण नोव्हेंबर २००८ मध्ये झालेल्या निवडणुकीचा निकालच लागावयाचा होता.

सुमारे २९ लाख मते पडली होती. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन पक्षाचे नॉर्म कोलमन अवघ्या २१५ मतांनी पुढे होते. अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून कायद्यानुसार मतपत्रिका हातांनी पुन्हा तपासण्यात आल्या. (एका महाभागाने डेमोक्रॅट अल फ्रँकन यांच्या नावापुढील वर्तुळ भरून शिवाय मोकळ्या जागेत 'लिझर्ड पीपल', म्हणजे सरडेलोक, असे लिहून ठेवले होते! ते मत अर्थातच बाद झाले.)

खरा तंटा टपालाने आलेल्या मतांचा होता. सही जुळत नाही, पत्ता निराळा आहे, साक्षीदाराची माहिती अपुरी आहे, अशा कारणांनी हजारो लिफाफे न उघडताच बाजूस ठेवले गेले होते. त्यांतील ९३३ चुकीने नाकारल्याचे मान्य होऊन ते ३ जानेवारी २००९ रोजी उघडण्यात आले आणि फ्रँकन यांची ४९ मतांची आघाडी २२५ वर गेली. न्यायालयाने आणखी ३५१ लिफाफे उघडविले, तेव्हा ती ३१२ झाली. ३० जून रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रँकन यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला आरोग्यविम्याचे विधेयक सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत झाले. चर्चा संपविण्यासच ६० मते लागत होती. त्या साठांत फ्रँकन एक होते.

बाद मतांची व्यथा आपणांस परकी नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार मागणारे बाबासाहेब १९५२ साली उत्तर मुंबईतून लोकसभेस उभे राहिले आणि सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाले. त्या निवडणुकीत ७४ हजारांहून अधिक मते बाद धरली गेल्याविरुद्ध त्यांनी अशोक मेहतांसह निवडणूक अर्ज दाखल केला होता.

या देशाचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्या अनेक घरांत 'आमच्या एका मताने काय होणार' हे उद्गार आम्ही ऐकतो. मिनेसोटातील ते ९३३ मतदार तसे म्हणाले असते, तर लिफाफे उघडण्याचा प्रश्नच आला नसता. मत देणाऱ्यांनीही सावध असावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनास दीक्षाभूमीवर जाऊन नोव्हेंबर उलटल्यावर परतणारी कुटुंबे, दुसऱ्या राज्यात शिकणारी मुले, टपाली मत बहुधा याच मंडळींचे असते. त्यात एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत सही करण्याची आपली जुनी खोड! अर्जावर केली तीच सही लिफाफ्यावर करावी, घर बदलल्यास मतदारनोंद बदलून घ्यावी, आणि टपाल मुदतीच्या पुष्कळ आधी टाकावे. नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. शंका असल्यास वंदनेनंतर विहारात आमच्या कार्यकर्त्यांकडे कागद घेऊन यावे.