पॅच येईल, पण कुणासाठी?

गेल्या शनिवारी आमचं नेहमीचं टोळकं जमलं होतं. एकाने नुकताच आलेला एक ओपन वर्ल्ड गेम पहिल्याच दिवशी घेतला होता आणि बिचारा जाम वैतागला होता. त्याची रड पाच मिनिटं ऐकून झाल्यावर दुसऱ्याने (अर्थातच ज्याने गेम घेतलेला नाही त्याने) ज्ञान दिलं, "अरे, पॅच येईल की! सायबरपंकच्या वेळी काय झालं होतं? सगळे शिव्या घालत होते आणि आज तेच लोक डोक्यावर घेऊन नाचतायत. पहिल्या आठवड्यातल्या पब्लिकचं ऐकायचंच नसतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. घरी येताना मात्र डोकं भणभणायला लागलं. कारण हेच वाक्य डिसेंबर २०२० मध्ये मी स्वतः म्हटलं होतं. जवळजवळ शब्द न शब्द. तेव्हा ते चूक होतं आणि आजही चूक आहे. का, ते सांगायलाच हा उपद्व्याप.

ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपन वर्ल्ड गेम म्हणजे एक अख्खं शहर किंवा प्रदेश तुमच्या हवाली केलेला असतो. ठरलेल्या रस्त्यानेच जा, ठरलेल्या क्रमानेच मारामारी करा असं बंधन नाही. मनात येईल तिकडे गाडी वळवा. खेळणाऱ्याला हे जितकं भन्नाट वाटतं, तितकीच ती बनवणाऱ्याच्या डोक्याला कटकट असते. तुम्ही पुढच्या सेकंदाला कुठल्या गल्लीत शिराल हे त्याला माहीत नसतं आणि तरी ती गल्ली, तिथली माणसं, दुकानांच्या पाट्या वेळेत डिस्कवरून उचलून समोर मांडायच्या असतात. डिस्क हळू असेल तर सगळं गाडं तिथेच अडतं.

आता सायबरपंक २०७७ ची कुंडली. बनवणारी पोलंडची सीडी प्रोजेक्ट रेड. २०१५ च्या 'विचर ३' मुळे गेमर मंडळींचा यांच्यावर आंधळा विश्वास. गेमची घोषणा २०१२ ची, पहिला टीझर जानेवारी २०१३ चा. जून २०१९ मध्ये खुद्द किआनू रीव्ह्जने स्टेजवर येऊन तारीख सांगितली, १६ एप्रिल २०२०. ती गेली १७ सप्टेंबरवर, तिथून १९ नोव्हेंबरवर, तिथून १० डिसेंबरवर. शेवटची पुढे ढकलणी तर 'गेम तयार झाला' असं जाहीर केल्यानंतर तीन आठवड्यांनी! याचा अर्थ काय असतो हे आयटीवाल्यांना सांगायला नको.

१० डिसेंबरपर्यंत ८० लाख लोकांनी आधीच नोंदणी करून ठेवली होती. परीक्षकांना प्रकाशनाआधी मिळाली ती फक्त पीसीची आवृत्ती. त्यातही पहिल्या परीक्षणांत स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायला मनाई, कंपनीने दिलेली दृश्यंच वापरायची. म्हणजे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर गेम प्रत्यक्षात कसा चालतो, हे जगाला पहिल्यांदा सांगितलं ते गेम विकत घेतलेल्या खेळाडूंनी. ते सांगायला दुसरं कुणी शिल्लकच ठेवलं नव्हतं.

त्यांनी काय सांगितलं? गाडी जोरात पळवली की समोरच्या इमारती उशिरा उगवतात. चेहरे धुरकट दिसतात. गोळीबार सुरू झाला की चित्र अडखळतं. मध्येच गेम बंद पडून माणूस कन्सोलच्या होम स्क्रीनवर येऊन आपटतो. गुन्हा केला की पोलीस कुठूनही येत नाहीत, थेट पाठीमागे प्रकट होतात, नारायणाने खांबातून व्हावं तसे. १४ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली आणि पैसे परत देऊ म्हणून सांगितलं. १७ तारखेला सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून गेम काढूनच टाकला. तो परत आला २१ जून २०२१ ला. एवढ्या मोठ्या गेमची अशी हकालपट्टी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

हा झाला इतिहास. आता 'पहिल्या आठवड्यातलं पब्लिक उगाच ओरडतं' या दाव्याकडे वळू.

सप्टेंबर २०२३ मध्ये या गेमचा २.० पॅच आला. ज्याच्या जोरावर आज सगळे 'बघा, झाला ना चांगला' म्हणतात तोच. त्यात काय होतं? पोलिसांची यंत्रणा नव्याने लिहिलेली. कौशल्यांची झाडं मुळापासून बदललेली. गाड्यांमधून लढाई नव्याने घातलेली. यातल्या पोलिसांबद्दल पब्लिक पहिल्या दिवसापासून बोंबलत होतं. म्हणजे ज्या ओरडीला आपण रडगाणं म्हटलं, तिचीच पुढे कामाची यादी झाली!

आणखी एक नमुना. पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या पुढे गेली की ती खराब व्हायची. किती तास खेळलात ते गेले कामातून. हे शोधून काढलं कुणी? खूप सामान गोळा करणाऱ्या, रात्रंदिवस खेळणाऱ्या त्याच उतावळ्या मंडळींनी. त्यावर सुरुवातीला मदतकेंद्राकडून सल्ला काय मिळाला, तर जवळ सामान कमी बाळगा! मग डिसेंबर संपायच्या आत पॅच देऊन ती मर्यादा काढली. ओरडले नसते तर निघाली असती का?

आणि सर्वात गंभीर गोष्ट. गेम बाहेर यायच्याही आधी 'गेम इन्फॉर्मर' च्या एका समीक्षिकेने लिहिलं की यातल्या एका प्रसंगातल्या लखलखत्या दिव्यांमुळे तिला अपस्माराचा झटका आला. तिने ते लिहिलं म्हणून गेममध्ये ठळक इशारा आला, तो प्रसंग बदलला गेला. कुणाला तरी ती 'सुरुवातीची प्रतिक्रिया' वाटली असेल. दुसऱ्या कुणाचा झटका तिच्यामुळे टळला असेल.

बरं, पुढचा युक्तिवाद. "पण शेवटी चांगला झाला ना?"

झाला. मान्य! मी स्वतः २.० आल्यावर घेतला आणि दोन महिने माझे शनिवार-रविवार त्या नाईट सिटीत गेले. गेमच्या आजवर ३ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत आणि त्या उगाच नाही. पण प्रश्न असा आहे की चांगला झाला तो कुणासाठी? २.० आणि त्यासोबत आलेला 'फँटम लिबर्टी' हा नवा भाग प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आलेच नाहीत. म्हणजे ज्यांच्यामुळे सगळं उजेडात आलं, त्यांच्या मशीनवर तो चांगला गेम कधी पोचलाच नाही! नव्या कन्सोलची आवृत्ती त्यांना २०२२ मध्ये फुकट मिळाली हे खरं. फक्त त्यासाठी आधी नवं कन्सोल घ्यायचं.

आपल्याकडे त्याचा हिशेब करून बघा. प्लेस्टेशन ५ भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, किंमत ४९,९९० रुपये. म्हणजे गेम बाहेर आला त्या दिवशी भारतातल्या दुकानात प्लेस्टेशन ५ अधिकृतपणे मिळतच नव्हता. इथल्या प्लेस्टेशनवाल्यांपुढे ४ शिवाय पर्याय नव्हता. 'नव्या मशीनवर खेळायचं ना मग' असं त्याला सांगणं म्हणजे लोकल चुकलेल्याला 'विमानाने जायचं ना' म्हणण्यासारखं आहे.

तिसरा युक्तिवाद, "न बघता पैसे भरले ही त्यांचीच चूक." अर्धी मान्य. आगाऊ पैसे भरू नयेत हे माझंही मत आहे. डिजिटल प्रती काही संपत नाहीत, मग रांग कशाला लावायची? पण नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीच्या प्रमुखांनीच गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की जुन्या कन्सोलवरही गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. ज्यांच्याकडे आकडे होते ते असं बोलत असतील, तर ज्याच्याकडे फक्त ट्रेलर होता त्याने काय करायचं?

आता तुम्ही म्हणाल, 'याला एवढा पुळका का? याने तर जुन्या कन्सोलवर गेम घेतलाही नव्हता.' तर आता माझ्या नोकरीतली गोष्ट.

२०२१ मध्ये आमच्या टीमने एका वितरकासाठी ऑर्डर घेण्याचं ॲप बनवलं. गावोगाव फिरणारे सेल्समन दुकानात उभं राहून मोबाईलवर ऑर्डर भरणार. दिवाळीच्या आत सोडायचंच, असा वरून आदेश. आम्ही ते आमच्या फोनवर तपासलं. ऑफिसातले फोन, ऑफिसातलं वायफाय. लोण्यासारखं चाललं. पहिल्याच दिवशी तक्रारी आल्या की मालाची यादी उघडताना ॲप अडकतं. मी एकेक तक्रार उघडली, माझ्या फोनवर करून बघितली आणि 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून बंद केली. अकरा तक्रारी. मला आकडा आठवतो कारण नंतर त्या मीच पुन्हा उघडल्या.

चौथ्या दिवशी एका सेल्समनचा थेट फोन आला. सांगलीकडचा माणूस, वयाने माझ्या वडिलांएवढा आणि मला 'साहेब' म्हणत होता. "साहेब, दुकानदार समोर उभा आसतोय, आनि हे नुसतं गोल गोल फिरतंय. त्यो म्हंतोय उद्या या. उद्या मी दुसऱ्या गावात आसतोय ओ." मी त्याला काय म्हणालो असेन? "काका, पुढच्या अपडेटमध्ये होईल."

झालंही. सहा आठवड्यांनी. दोन जीबी रॅमचा फोन मागवला, यादी एकदम न आणता तुकड्यातुकड्याने आणली, ॲप पळायला लागलं. वितरक खूष, मॅनेजर खूष, मला कौतुकाची ईमेल. पण तोवर दिवाळी उलटून गेली होती. त्या माणसाचा दिवाळीचा इन्सेन्टिव्ह बुडला तो बुडलाच. तो कुठल्याही अपडेटमध्ये परत आला नाही.

पुढे जानेवारी २०२१ मधला सीडी प्रोजेक्टच्या सहसंस्थापकाचा माफीचा व्हिडिओ माझ्या बघण्यात आला. त्यात ते म्हणतात की खेळाडूंना आलेल्या अडचणींपैकी बऱ्याच आमच्या टेस्टिंगमध्ये दिसल्याच नव्हत्या. लोकांनी त्या वाक्याची यथेच्छ टर उडवली होती. मला हसू आलं नाही. ते वाक्य मी अकरा वेळा टाईप केलं होतं.

पॅचने वस्तू सुधारते, हे कुणी नाकारत नाही. पण ज्याने पहिल्या दिवशी ती वस्तू घेतली त्याचा गेलेला वेळ, मोडलेली उमेद आणि कधी कधी पैसेसुद्धा त्यात दुरुस्त होत नाहीत. म्हणून वस्तू सुधारली की पहिल्या दिवशीची साक्ष खोटी ठरवायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. साक्ष त्या दिवसाची होती आणि त्या दिवशी ती खरीच होती.

थोडं न्यायाने बोलायचं तर सगळेच असं वागत नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या 'नो मॅन्स स्काय' वर अशीच राळ उडाली होती, कारण सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्याच. पण त्या छोट्या ब्रिटिश टीमने वर्षानुवर्षं फुकट सुधारणा दिल्या आणि त्या जुन्या प्लेस्टेशन ४ वाल्यांनाही मिळाल्या. उधारी फेडायची तर ज्याच्याकडून घेतली त्यालाच फेडावी लागते, एवढंच माझं म्हणणं.

पब्लिकही धुतल्या तांदळासारखं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये गेम पुढे ढकलला तेव्हा याच चाहत्यांपैकी काहींनी डेव्हलपरांना जीवे मारायच्या धमक्या दिल्या. ती साक्ष नव्हे, निव्वळ गुंडगिरी. तारखेचा निर्णय कोड लिहिणाऱ्या पोराच्या हातात नसतो हो! तेव्हा तक्रार करायचीच तर नीट करा. मशीन कुठलं, व्हर्जन कुठलं, किती तास खेळलात, नेमकं काय केल्यावर बिघडलं. चार ओळी पुरतात. आणि जो गेम घ्यायचा आहे त्याची परीक्षणं वाचताना आधी एवढंच बघा, की तो तुमच्या मशीनवर चालवून लिहिलंय का.

राहता राहिलो आपण, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारे. सोमवारी ऑफिसला गेलात की 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून बंद केलेल्या तक्रारींची यादी एकदा उघडून बघा. मी दर रिलीजनंतर उघडतो. तो दोन जीबीचा फोन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि नवीन काहीही बनवलं की पहिल्यांदा त्याच्यावर टाकतो. तो फार हळू चालतो, आणि म्हणूनच ठेवलाय.

असो. शनिवारच्या त्या मित्राला मी रात्री फोन केला. म्हटलं, "तुझं बरोबर होतं रे. सगळं सविस्तर लिहून पाठव त्यांना." तर म्हणाला, "आत्ता सुचलं होय? तिथे तर मान डोलावत होतास!"