विश्लेषण : कंपनीचा मालक बदलतो, तेव्हा कामगारांचे काय होते?

इगतपुरी तालुक्यातील गोंदे येथे मुंबई-नाशिक महामार्गालगत एक पोलाद कारखाना आहे. विजेच्या रोहित्रांच्या गाभ्यासाठी लागणारे खास पोलाद तेथे तयार होते. हा कारखाना आधी रेमंडचा होता. २००० मध्ये तो जर्मनीच्या थायसेनक्रुप समूहाकडे गेला. जानेवारी २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू स्टील आणि जपानच्या जेएफई स्टील यांच्या संयुक्त कंपनीने तो घेतला. सुमारे ४,१५८ कोटी रुपयांच्या या व्यवहाराची चर्चा झाली. मात्र अशा व्यवहारांत कामगाराच्या हाती काय उरते, याची चर्चा क्वचितच होते.

दोन विक्रींत फरक काय?

रेमंडने आपला पोलाद विभाग विकला, म्हणजे नोकरी देणारी कंपनीच बदलली. २०२५ मध्ये मात्र कंपनीचे समभाग विकले गेले. अशा व्यवहारात मालक नवा असला तरी नोकरी देणारी कंपनी कागदोपत्री तीच राहते. त्यामुळे नेमणूकपत्र, सेवाज्येष्ठता, ग्रॅच्युइटी यांत खंड पडत नाही.

कायदा काय सांगतो?

उद्योगच हस्तांतरित झाला, तर किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाईचा हक्क मिळतो. सेवेत खंड पडला नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट झाल्या नाहीत आणि पुढील कपातीच्या वेळी जुनी सेवा धरण्याची जबाबदारी नव्या मालकाने घेतली, तर मात्र ही भरपाई द्यावी लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संमतीशिवाय कामगाराला नव्या मालकाकडे काम करण्यास भाग पाडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

या संरक्षणाबाहेर कोण?

व्यवस्थापकीय अधिकारी आणि महिना १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरत नाहीत. कंत्राटी कामगारांचा मालक कागदावर ठेकेदार असतो. नव्या व्यवस्थापनाने ठेकेदार बदलला, की वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर काम करणाऱ्याची सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाण्याची भीती असते. सातपूर, अंबड, सिन्नर येथील कामगारवस्त्यांना ही भीती नवी नाही.

कागदात न मावणारे काय असते?

‘पुढच्या वर्षी कायम करू’ हा जुन्या साहेबांचा शब्द कोणत्याही करारात नसतो. साहेब गेले, की शब्दही जातो. बिघाडाची शंका आल्यास यंत्र थांबवण्याची ऑपरेटरला असलेली मुभा, घरी अडचण असताना पाळी बदलून मिळण्याची सोय हेही असेच. त्यात निर्णय परगावच्या मुख्यालयातून होऊ लागले, की कारखान्यातील अधिकारी केवळ निरोप्या उरतो. मग सभेत ‘काही प्रश्न?’ असे विचारल्यावर सारे गप्प बसतात आणि खरी चर्चा चहाच्या टपरीवर होते.

मग अधिग्रहण वाईटच का?

नाही. नाशिकमध्ये कारखाना असलेल्या सीजी पॉवरमधील आर्थिक अनियमितता ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये मुरुगप्पा समूहातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने नियंत्रण हाती घेतल्यावर कंपनी सावरली. बुडत्या कंपनीत सेवाज्येष्ठतेला काय किंमत? नवा मालक काही वेळा नोकऱ्या वाचवतो, हे मान्यच करायला हवे.

काय व्हायला हवे?

विक्रीपूर्वी कंपनीची यंत्रे, जमीन, कर्जे, खटले बारकाईने तपासले जातात. त्याच यादीत कामगारांना दिलेली तोंडी आश्वासनेही लेखी यायला हवीत. कोणती पाळणार आणि कोणती नाही, हे नव्या व्यवस्थापनाने ठरावीक मुदतीत सांगावे. कारखान्यातच निर्णयाचा अधिकार असलेला एक अधिकारी नेमावा आणि ठेकेदार बदलला तरी जुन्या माणसांना प्राधान्य द्यावे. कामगार संघटनांनीही वेतनकराराइतकाच या बाबींचा आग्रह धरायला हवा. कामगाराला नकार पचतो. अनिश्चितता पचत नाही. फाटकावरची पाटी एका रात्रीत बदलता येते, विश्वास मात्र दिलेला शब्द पाळूनच मिळवावा लागतो.