'आर्य'चा 'ओर्या' झाला कसा?

फिनलंड म्हटलं की आपल्याला आधी काय आठवतं? नोकियाचा तो दगडासारखा हँडसेट आणि त्यातला साप! भाषेचं म्हणाल तर संबंध शून्य. मराठी, फारसी, इंग्रजी ही एकाच इंडो-युरोपियन खानदानातली चुलत भावंडं. फिनिशचं घराणंच वेगळं, उरालिक. तिची नातलग एस्टोनियन आणि हंगेरियन.

तरीही फिनिशमध्ये शंभरला म्हणतात 'सता'. सचिनच्या शतकातला 'शत' तो हाच. हातोड्याला म्हणतात 'वसरा', म्हणजे चक्क इंद्राचं वज्र!

थांबा, 'सगळं संस्कृतातूनच गेलंय' असा फॉरवर्ड लगेच टाइप करू नका. हे शब्द संस्कृतच्याही आधीचे. सुमारे 4000 वर्षांपूर्वी व्होल्गा नदी आणि उरल पर्वताच्या आसपास संस्कृत आणि फारसीची सामाईक आजी बोलली जायची. शेजारी फिनिशची खापरपणजी. शेजारी म्हटलं की उसनवारी आलीच.

या उसनवारीतला सगळ्यात झणझणीत शब्द म्हणजे 'ओर्या'. अर्थ? गुलाम. (बॉसच्या केबिनबाहेर खुशाल कुजबुजा, त्याला कळणार नाही.) आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तो आलाय 'आर्य'वरून! हो, तेच नाव, जे ते लोक स्वतःला अभिमानाने लावायचे, जे इराणच्या नावात आहे आणि ज्याच्यावरून आज सोसायटीत हाक मारली तर दोन-तीन आर्यन खिडकीत येतील.

हे झालं कसं? लढाईत पकडलेल्या किंवा विकत घेतलेल्या माणसाला 'तू कोण?' विचारलं, तर तो 'आर्य' म्हणणार. ऐकणाऱ्यांनी त्याच्या जमातीचं नावच त्याच्या कामाला चिकटवलं असणार. इंग्रजीतला 'स्लेव्ह' असाच आलाय, मध्ययुगात विकल्या गेलेल्या स्लाव लोकांवरून.

आता खरी गंमत. ऋग्वेदात 'दास' हे आर्यांच्या शत्रूंचं नाव. पुढे त्याचाच अर्थ झाला नोकर, गुलाम. म्हणजे दक्षिणेत आलेल्या आर्यांनी दुसऱ्यांच्या नावाचं जे केलं, तेच उत्तरेत त्यांच्या भाऊबंदांच्या नावाचं झालं होतं. फक्त भूमिका उलट.

'दास'चं नशीब तरी पुढे पालटलं. रामदास, तुलसीदास अशा नावांत तो मानाने जाऊन बसला. 'ओर्या'ला मात्र प्रमोशन मिळालंच नाही. फिनिशमध्ये गुलामगिरीला आजही 'ओर्यूस'च म्हणतात.