जर्मन पातं, मराठी मूठ

चाकणला नोकरी करणाऱ्याला जर्मन इंजिनीअरिंगचं कौतुक सांगायला जाऊ नका. मर्सिडीज आणि फोक्सवॅगन, दोघांचेही इथले प्लँट २००९ मध्ये सुरू झाले. ड्रॉइंग तिकडचं, हात इकडचे, हा फंडा इथल्या प्रत्येक शिफ्टला पाठ आहे. पण बॉस, हा फंडा कारपेक्षा खूप जुना आहे. सतराव्या शतकातल्या मराठा सरदाराच्या कमरेलाही तो लटकत होता. त्याचं नाव फिरंग.

फिरंग म्हणजे लांब, सरळ पात्याची तलवार. पातं युरोपातलं, मूठ आपल्याकडची. पोर्तुगीजांच्या आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरायची. त्यात इटलीची असायची, स्पेनची असायची आणि जर्मनीतल्या झोलिंगनचीही. हो, तेच झोलिंगन, ज्याच्या सुऱ्या आणि कात्र्या आजही जगभर भाव खातात. इथले कारागीर त्या पात्याला बोटं झाकणारी मूठ बसवायचे आणि मुठीच्या मागे एक छोटा दांडा ठेवायचे. वेळ आली तर दुसरा हात तिथे धरता यायचा.

महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना घेतलेली तलवार आठवते ना? ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, मिरवणूक निघाली, सगळ्यांनी फोटो शेअर केले. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांच्या नावाची ही तलवार. पातं युरोपीय बनावटीचं, एकधारी. आणि त्यावर देवनागरीत, सोन्याने रघूजींचं नाव, पदवी आणि पुढे शब्द आहे ‘फिरंग’. पातं परदेशी आहे हे लपवणं तर सोडाच, ते सोन्यात लिहून ठेवलंय!

हे सगळं सांगायचं कारण, सध्या प्रतिकृती करून घ्यायची टूम आहे. कुणाला केबिनच्या भिंतीवर हवी असते, कुणाला शिवजयंतीच्या ढोलपथकासाठी, कुणाला नुसताच छंद. आणि आपल्या पट्ट्यात काय कमी आहे? भोसरीच्या शेडमध्ये लेझर कटिंग होतं. हीट ट्रीटमेंटवाले आहेत. ट्रकच्या कमानपाट्याचं स्प्रिंग स्टील भंगारातही मिळतं. नसतं ते एकच. ड्रॉइंग! कंपनीत साधा ब्रॅकेटसुद्धा कुणी फोटोवरून बनवणार नाही. तलवार मात्र नेटवरचा एक फोटो दाखवून बिनधास्त ऑर्डर केली जाते.

फोटोत लांबी-रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. घोळ तिथेच होतो. चांगलं पातं मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत जातं. लेझरने एकाच जाडीच्या प्लेटमधून कापलं की आकार अगदी हुबेहूब येतो, पण हातात घेतल्यावर पहार वाटते. एका हाताने चालवायच्या जुन्या तलवारी बहुतेक एक ते दीड किलोच्या आसपासच असतात. आपली प्रतिकृती तीन किलो भरते आणि मग पाहुण्यांना सांगितलं जातं, ‘बघा, आपले पूर्वज केवढं वजन पेलायचे!’ कौतुक चुकीच्या गोष्टीचं होतं. पूर्वजांची खरी कमाल होती ती हलकं, लवचिक आणि तरी न मोडणारं पातं पारखून घेण्यात. जड प्रतिकृती नेमकी ती अक्कल झाकून टाकते.

मग होमवर्क कसा करायचा?

आधी प्रश्न विचारा, ही तलवार कुणी, कुठे वापरली? लांबी त्यावर ठरते. सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री पायदळाचं, म्हणजे लांड्सक्नेख्टांचं उदाहरण घ्या. त्यांच्याकडे ‘काट्सबाल्गर’ नावाची आखूड, रुंद तलवार असायची. लांब भाल्यांच्या गर्दीत शत्रू अंगाशी आला की लांब पातं फिरवायला जागाच उरत नाही, म्हणून ती आखूड. आपला स्वार घोड्यावर. त्याला लांबून पोचायचं, म्हणून त्याचं पातं लांब. एकाच देशातलं पोलाद, पण गरज वेगळी. दोन्हींची मापं एकमेकांत मिसळली की तलवार ना पायदळाची राहते, ना घोडदळाची.

दुसरं, पात्यावरच्या शिक्क्यावर लगेच भाळू नका. धावत्या लांडग्याची खूण मूळ जर्मनीतल्या पासाऊ गावची. पण तिचा दबदबा बघून झोलिंगनवाल्यांनीही ती वापरली. कोयत्यासारख्या जोड-खुणा मूळ इटलीकडच्या मानतात, त्यांच्या नकला युरोपात झाल्या आणि भारतातही. ब्रँड कॉपी करणं हे काही आजचं फॅड नाही! त्यामुळे शिक्का, पात्याचा आकार, त्यावरच्या खोबणी आणि मूठ, असं सगळं जुळतंय का ते बघायचं.

तिसरं, खरी तलवार डोळ्यांनी बघा. पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन आहे, साताऱ्याचं संग्रहालय आहे. काचेतून वजन कळत नाही, मान्य. पण परदेशी संग्रहालयांच्या सूचीत बऱ्याचदा लांबी आणि वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं. तशाच घडणीच्या चार-पाच तलवारींची मापं एका एक्सेल शीटमध्ये भरा. मग कार्डबोर्ड, मग लाकूड आणि सगळ्यात शेवटी पोलाद.

आणि चौथं, कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तलवार हे शस्त्र आहे. २०१६ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचा उल्लेख स्पष्ट आहे. कोयत्याच्या बातम्या रोज वाचणाऱ्या शहरात ‘शोपीस आहे, साहेब’ एवढं सांगून भागणार नाही. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, चाकणही त्यातच येतं. ऑर्डर देण्याआधी तिथे जाऊन विचारा. धार लावायच्या भानगडीत तर पडूच नका.

राहता राहिला एक नाजूक मुद्दा. काही जण कारागिराला सांगतात, ‘तो परदेशी शिक्का नको, आपली तलवार आहे.’ भावना समजते. पण शिक्का पुसून आपण रघूजींपेक्षा जास्त मराठी होतो का? १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध चाकणचा संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवणाऱ्या किल्लेदाराचं नावही फिरंगोजी नरसाळा होतं. चांगलं पातं जिथे मिळेल तिथून घ्यायचं आणि मूठ आपल्या हाताच्या मापाची बसवायची, हे त्या लोकांना उत्तम जमत होतं.

तेव्हा या वीकएण्डला मल्टिप्लेक्सचं तिकीट राहू द्या. वही, पेन्सिल घ्या आणि बाजीराव रोडवर केळकर संग्रहालय गाठा. लेझर कटिंगवाला कुठे पळून जात नाही.