‘सायको’ला जाणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना

ढोकी, तेर, येडशी, मुरूड या पट्ट्यातल्या ज्या घरात पोरगा किंवा पोरगी भरतीची तयारी करते आहे, त्या घरासाठी हे लिहितो आहे. तेरणा कारखाना मध्ये कैक वर्षं थंड पडला होता, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही, म्हणून आयटीआय केलेली मुलं रेल्वेकडे डोळे लावून बसतात. लेखी परीक्षेचा अभ्यास कसा करायचा ते त्यांना कळतं. पुढे ‘सायको’ आली की मात्र घरदार गोंधळतं. डोक्यात काही बिघाड आहे का ते बघतात, असं आईला वाटतं. सगळा नशिबाचा खेळ, असं पोराला वाटतं. आणि या गोंधळावर पैसे कमावणारे लोक टपलेले असतात.

सायको म्हणजे वेडेपणाची तपासणी, हे आधी मनातून काढून टाका. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत संगणकावर पाच छोट्या चाचण्या घेतात : स्मरणशक्ती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग. खोलीच्या अंदाजात पडद्यावर विटांचा ढीग दिसतो. काही विटांवर अक्षरं असतात. अशा प्रत्येक विटेला किती विटा टेकल्या आहेत, मागच्या न दिसणाऱ्या बाजूचा विचार करून, ते सांगायचं. स्मरणशक्तीच्या चाचणीत इमारतींचा नकाशा पाहून घ्यायचा आणि नंतर कुठली इमारत कुठे होती ते ओळखायचं.

याचा गाडी चालवण्याशी काय संबंध, असं विचाराल. ढोकी स्टेशनवरून रात्री गाडी जाते तेव्हा इंजिनाकडे बघा. आत दोघं असतात. सिग्नल दिसला की दोघांनी त्याचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगायचा, असा नियम आहे. पुढे वेगमर्यादेची पाटी, मग फाटक, मग पुढचा सिग्नल. मागे डब्यांत शेकडो माणसं झोपलेली. तिथे हुशारी पुस्तकातली चालत नाही, नजर आणि लक्ष शाबूत लागतं. म्हणून लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संस्था या चाचण्या तयार करते. काम आधी बघितलं आणि मग त्यावरून चाचणी बेतली, म्हणून मला ती न्याय्य वाटते.

आता 42 चं गणित, कारण बहुतेक मुलं इथेच फसतात. पाचही चाचण्यांत प्रत्येकी किमान 42 ‘टी-स्कोअर’ लागतो आणि कुठल्याच प्रवर्गाला त्यात सूट नाही. हे शंभरपैकी 42 नव्हेत. तुमचे गुण बाकी उमेदवारांच्या सरासरीशी ताडून बघतात. बरोबर सरासरीवर असलेल्याला 50 मिळतात, त्याच्या वर किंवा खाली किती, त्यावरून आकडा ठरतो. गुणांची विभागणी नेहमीसारखी असेल तर एकेका चाचणीत ढोबळमानाने पाचातला एक जण 42 च्या खाली जातो. चार चाचण्यांत अव्वल आलेला मुलगा पाचवीत घसरला तरी बाद. म्हणून जी चाचणी जड जाते तिचाच सराव जास्त करा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा वेळ संपत आला तरी प्रश्न कोरे सोडू नका. अंतिम यादीत या चाचण्यांना 30 टक्के आणि लेखीला 70 टक्के वजन असतं.

नमुना प्रश्न आरडीएसओच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आधी ते सोडवा, मग क्लासला पैसे भरायचे की नाही ते ठरवा. आणि एक गोष्ट आपल्या मुलांना फार नडते : ही चाचणी हिंदी किंवा इंग्रजीतच असते. सूचना पहिल्या वाचनात कळली नाही तर वेळ हातचा जातो. वि. वि. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वीच बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतून दिल्या होत्या, कारण परक्या मुलांसाठी बांधलेलं माप आपल्या मुलांना लावणं त्यांना मान्य नव्हतं. रेल्वेने मराठीचा विचार करावा, ही मागणी आपण लावून धरू. तोवर रोज हिंदीतल्या सूचना वेळ लावून वाचा.

अशा चाचण्या सैन्यातही असतात. तिथे अधिकारी व्हायचं असेल तर एसएसबीची, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, मुलाखत असते. तुळजापूरच्या सैनिकी शाळेतून किंवा संभाजीनगरच्या सेवापूर्व प्रशिक्षण संस्थेतून त्या वाटेला जाणारी मुलं आपल्याच भागातली आहेत. तिथे 60 शब्द दाखवतात, प्रत्येकाला 15 सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. काही क्लास साठच्या साठ वाक्यं पाठ करून घेतात. असं करू नका. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी आणि मैदानावरचे अधिकारी तुम्हाला स्वतंत्रपणे जोखतात, आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. कागदावर धाडसी आणि मैदानावर दबलेला, असा मुलगा तिथे लगेच उघडा पडतो. निवड झाली नाही तर एवढंच समजा की या वेळी या कामासाठी निवडलं नाही. पुन्हा जाऊन निवडले गेलेले कितीतरी अधिकारी आहेत.

आई-वडिलांनो, तुमच्याशी कळकळीने बोलतो. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन तो डॉक्टर होणार की इंजिनिअर, हे सांगणारे लोक शाळांपर्यंत पोचले आहेत. रंगीत छापील अहवाल देतात, हजारो रुपये घेतात. बोटांवरच्या रेषांवरून बुद्धी किंवा कल ओळखता येतो, याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. हस्ताक्षरावरून नोकरीची लायकी ठरवणंही तसंच. त्या पैशांत मुलाला चांगला चष्मा येईल, पुस्तकं येतील.

आणि ज्यांच्या हातात नोकरी देणं आहे, ते पतसंस्थावाले, दूध संकलनवाले, शोरूमवाले यांनाही सांगणं आहे. इंटरनेटवरून उचललेली स्वभावाची प्रश्नावली देऊन माणूस निवडू नका. ‘मला लोकांत मिसळायला आवडतं’ यावर नोकरीची गरज असलेला माणूस ‘हो’ असंच लिहिणार. रोखपाल हवा असेल तर दिवसभराची व्हाउचरं आणि मुद्दाम चूक ठेवलेली रोजकीर्द त्याच्या पुढ्यात ठेवा, अर्धा तास द्या आणि फरक शोधायला सांगा. सगळ्या उमेदवारांना तेच काम, तेवढाच वेळ द्या. गावचा कोण, कुणाचा कोण, हे त्या अर्ध्या तासात बाजूला राहतं.

शेवटी पुन्हा रेल्वेकडे येतो. लोको पायलटचा अर्ज भरणाऱ्यांनी क्लासची फी भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन डोळे तपासून घ्यावेत. या पदाला दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्याशिवाय 6/6 लागते, रंग नीट ओळखता यावे लागतात, आणि चष्मा घालवण्यासाठी लेसिक केलेलं चालत नाही. सायकोला जाताना नेत्रतज्ज्ञाचं प्रमाणपत्र सोबत न्यावंच लागतं. डोळ्यांत अडचण निघाली तर रेल्वेतच तंत्रज्ञाची पदं आहेत, ज्यांना ही सायको लागत नाही. तिकडे अर्ज करा.