घरच्या बियाण्यासारखी संगणकाची भाषा

आज या पानावर खत नाही, फवारणी नाही, बाजारभावही नाही. आजचा विषय आहे कॉलेजातल्या संगणकाचा. "आमचा काय संबंध?" म्हणून पान उलटू नका. आपल्या गावातून किती पोरं-पोरी कृषी पदवीला, बीसीएला, संगणकशास्त्राला तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी जातात, ते एकदा बोटांवर मोजा. त्यांची फी आपल्या सोयाबीनच्या आणि कांद्याच्या पट्टीतूनच जाते. तेव्हा त्या फीचे पुढे काय होते, हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

गेल्या जून महिन्यात माझ्या कार्यक्षेत्रातले एक शेतकरी भेटायला आले. अडीच एकर कोरडवाहू जमीन. मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकाच्या पदवीला प्रवेश मिळालेला. हातात खर्चाचा कागद. त्यात पुस्तके, लॅपटॉप आणि शेवटी 'प्रोग्रामिंगचे सॉफ्टवेअर विद्यार्थ्याने स्वतः घ्यावे' अशी ओळ. दुकानदाराने त्यासाठी अकरा हजारांचा आकडा सांगितला होता. "साहेब, गाभण कालवड बाजारात न्यावी म्हणतो," ते म्हणाले. मी कागद नीट वाचला. पहिल्या वर्षाला दोनच भाषा होत्या, सी आणि पायथन. या दोन्हींचे सॉफ्टवेअर जगात कुणालाही फुकट आणि कायदेशीर मिळते. कालवड दावणीलाच राहिली, दिवाळीच्या आधी व्याली.

हे कसे काय, ते आता समजून घेऊ.

संगणक म्हणजे मुका गडी. त्याला काम सांगायची एक भाषा असते, तिला प्रोग्रामिंग भाषा म्हणतात. आपण लिहिलेली आज्ञा त्या यंत्राला कळेल अशी करून देणारे सॉफ्टवेअर लागते. काही कंपन्या ते विकतात. पण बरेचदा आपण विकत घेतो ते सॉफ्टवेअर नव्हे, तर ते वापरण्याचा परवाना. तो अनेकदा वर्षापुरता आणि संगणकामागे मोजलेला असतो. समजा, एका संगणकाला वर्षाला पाच हजार रुपये पडले, तर साठ संगणकांच्या प्रयोगशाळेला तीन लाख झाले. पुढच्या वर्षी पुन्हा तीन लाख.

संकरित बियाण्याचे असेच नाही का? संकरित वाणाचे दाणे पुढच्या साली पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दर हंगामाला नवी पिशवी आणावी लागते. सरळ वाणाचे तसे नाही. चांगली कणसे निवडा, बी राखा, पेरा, भावकीतल्या माणसालाही द्या. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने हा हक्क आपल्याला लिहून दिला आहे. बी राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे, एवढेच काय, ब्रँडचे नाव न लावता विकणेही त्यात आहे. मुक्त सॉफ्टवेअर हे असे सरळ वाण आहे. वापरा, वाटा, उघडून बघा, आपल्या गरजेप्रमाणे बदला. 'जीपीएल' नावाच्या परवान्यात तर अटच अशी आहे की, बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिले तर त्यालाही तुमच्याइतकाच हक्क द्यायचा. बांध घालायचा नाही.

शिकवण्यापुरती स्वस्त भाषा शोधण्याची धडपड आजची नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात केमेनी आणि कुर्त्झ या दोन प्राध्यापकांनी 'बेसिक' ही सोपी भाषा काढली. विज्ञान न शिकणाऱ्या पोरांनाही संगणक वापरता यावा हा त्यांचा हेतू होता, आणि त्या वापराचे पैसे विद्यार्थ्यांकडून घेतले जात नव्हते. १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने 'टर्बो पास्कल' पन्नास डॉलरला बाजारात आणले. तेव्हा इतरांचे भाव शेकड्यांत होते. स्वस्त झाले तसे ते वर्गावर्गांत पोहोचले.

आपल्या कामाचे उदाहरण मात्र न्यूझीलंडचे आहे. ऑकलंड विद्यापीठात १९९० नंतरच्या काळात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन हे संख्याशास्त्र शिकवीत. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत मॅकिंटॉश संगणक होते, पण त्यांना साजेसे विकतचे सॉफ्टवेअर मिळेना. मग दोघांनी स्वतःच एक भाषा रचायला घेतली आणि तिला 'आर' हे एका अक्षराचे नाव दिले. १९९५ साली ती जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुली केली. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. आज जगभरची विद्यापीठे ती वापरतात. एका वर्गाची अडचण होती, तिच्यातून साऱ्या जगाची सोय झाली.

'आर'चा शेतीशी संबंध थेट आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांत नव्या वाणाच्या चाचण्या होतात. एकच वाण तीन-चार वेगवेगळ्या वाफ्यांत लावून उत्पन्न मोजतात. मग प्रश्न येतो की, जास्त आलेले दोन क्विंटल वाणामुळे आले की वाफ्याच्या कसदार मातीमुळे? याचा हिशेब संख्याशास्त्र करते. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून काम करून ही पद्धत घडवली. आज हा हिशेब 'आर'मध्ये होतो. त्यासाठी 'अॅग्रिकोले' नावाची खास जोडणी पेरू देशातल्या कृषी विद्यापीठाच्या शिक्षकाने तयार करून फुकट दिली आहे. त्यांच्या बटाट्याला चालते ते आपल्या ज्वारीलाही चालते.

आता कडू गोष्ट. पैसे वाचवण्यासाठी बरीच ठिकाणे चोरीच्या प्रती वापरतात. खोट्या शिक्क्याची खताची गोणी आणि ही प्रत यात फरक नाही. गोणीत माती निघते, प्रतीत व्हायरस निघतो. शिवाय तो गुन्हा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब सांगते की, चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून दंडावर सोडू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच.

दुसरी चूक म्हणजे मुदत संपलेल्या औषधाने फवारणी. 'टर्बो सी' हे १९९० च्या आसपासचे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षे चालत राहिले. सी प्लस प्लस या भाषेचे प्रमाण ठरले १९९८ मध्ये, म्हणजे त्याच्याही नंतर. पोरगं तीन वर्षे त्या निळ्या पडद्यावर शिकते आणि नोकरीच्या मुलाखतीला गेले की गोंधळते. 'जीसीसी' हे मुक्त सॉफ्टवेअर १९८७ पासून उपलब्ध आहे आणि त्यात आजवर भर पडत आली आहे. मग जुनी बाटली हलवत कशाला बसायचे?

फुकट म्हटले की मनात शंका येते. ती रास्त आहे, म्हणून मर्यादाही सांगतो. मुक्त सॉफ्टवेअरला किंमत नसते, पण शिक्षकाला ते शिकावे लागते आणि त्याला वेळ द्यावा लागतो. बिघडले तर कंपनीचा माणूस दारात येत नाही. काही उद्योगांत ठरावीक विकतचेच सॉफ्टवेअर चालते. तिथे जाणाऱ्या पोरांना शेवटच्या वर्षी ते दाखवायला हवे, त्यासाठी दहा परवाने घेतले तर बिघडत नाही. आणि काही कंपन्या विद्यार्थ्यांना 'फुकट' देतात, ते शिक्षण संपले की बंद होते. पहिली पिशवी फुकट देणारा दुकानदार आपण ओळखतो, तसेच हे.

शिकायचे कुठे, हा प्रश्न मुंबईच्या आयआयटीने बराच सोपा केला आहे. तिथल्या 'फॉसी' प्रकल्पातून कॉलेजांना पायथन, आर, सायलॅब अशी मुक्त सॉफ्टवेअर वापरायला मदत मिळते. 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लहान लहान धडे ऐकून-पाहून शिकता येतात आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. केरळकडे बघा. त्यांच्या सरकारी शाळांत संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच चालते. त्यांना जमते, मग आपल्याला का जमू नये?

पालकांनी प्रवेशाच्या वेळी चार प्रश्न विचारावेत.

एक, पहिल्या वर्षी कोणती भाषा शिकवता आणि तिचे सॉफ्टवेअर विकतचे की मुक्त?

दोन, विकतचे असेल तर परवाना कॉलेजच्या नावावर आहे का, आणि किती वर्षांचा?

तीन, तेच सॉफ्टवेअर मुलाला घरच्या संगणकावर कायदेशीर टाकता येईल का?

चार, प्रयोगशाळेची फी घेता, ती कशावर खर्च होते?

विचारताना आवाज चढवू नका, पण उत्तर घेतल्याशिवाय उठूही नका. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते हे खरे, पण एका भाषेसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरायचे हे पुष्कळदा कॉलेजच्या हातात असते.

सरपंच आणि गावातल्या अधिकारी मंडळींना एक विनंती. ग्रामपंचायतीत, शाळेत जुने संगणक धूळ खात पडले असतील. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणून ते भंगारात काढायची घाई नको. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही चालतात. लिनक्स, पायथन, आर, जीसीसी हे सारे पेनड्राइव्हमधून आणता येते, गावात इंटरनेट लंगडे असले तरी अडत नाही. कॉलेजात जाणारी दोन पोरं दिवाळीच्या सुट्टीत बसवली तर वाचनालयाच्या खोलीत चार संगणक उभे राहतील. विद्युत जोडणी तेवढी पक्की करून द्या.

आपल्या आज्या गाडग्यात राख घालून बी राखायच्या, आणि शेजारणीने मागितले तर ओंजळभर द्यायच्या. दिल्याने त्यांचे बी कधी कमी झाले नाही. संगणकाची ही भाषाही तशीच आहे. प्रवेशाचे दिवस येतील तेव्हा दुकानात जायच्या आधी तो खर्चाचा कागद कुणा जाणत्याला दाखवा. कुणाची तरी कालवड वाचेल.